सात कॉम्प्युटर, एक लॅब: अपडेटच्या कामाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

सांगलीत शंभर फुटी रस्त्याजवळच्या पॅथॉलॉजी लॅबचं काम आजपासून माझ्याकडे आलं. डॉक्टरकाका माझ्या वडिलांचे जुने डॉक्टर. त्यामुळे पैशांचं बोलणं दोन मिनिटांत संपलं आणि कामाच्या बोलण्याला दीड तास लागला.

काम असं: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत दुरुस्तीसंच येणं बंद होणार. लॅबमध्ये सात कॉम्प्युटर आहेत, त्यातल्या चारांवर तीच आहे. त्यांचं काय करायचं ते ठरवायचं आणि करून द्यायचं.

काकांनी आधी वेगळीच गोष्ट काढली. "गेली अडीच वर्षं मी अपडेट बंदच करून ठेवलंय. का, ते विचारलं नाहीस तू." मी विचारलं. दोन कारणं निघाली.

पहिलं: एका सकाळी सात वाजता उपाशीपोटी साखर तपासायला आलेले वीस-पंचवीस पेशंट बाकड्यावर बसलेले, आणि रिसेप्शनचा कॉम्प्युटर अपडेट लावत बसला. पाऊण तास पावती नाही, स्टिकर नाही. मधुमेहाची म्हातारी माणसं बिनचहाची ताटकळली. (मी आज सेटिंग पाहिलं. ‘वापराचे तास’ म्हणून दुपारी दोन ते रात्री अकरा लावलेले होते. सकाळी सात हा कॉम्प्युटरच्या लेखी मोकळा वेळ होता. ज्याने कुणी ते लावलं त्याला लॅब किती वाजता उघडते हेच माहीत नव्हतं.)

दुसरं कारण काकांनी आवाज खाली आणून सांगितलं. त्यांच्या लॅपटॉपवर एकदा निळी खिडकी आली, ते ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत गेले, आणि त्यांच्या कागदपत्रांचा फोल्डर एका क्लाउड साठवणीत चढायला लागला. महिनाभराने कळलं. त्या फोल्डरमध्ये रिपोर्ट होते, नावानिशी. "मी कुणाला हो म्हटलं, कशाला हो म्हटलं, मला आजही सांगता येत नाही. एचआयव्हीचे रिपोर्टसुद्धा होते गं त्यात."

मग एका ओळखीच्या पोराकडून एक छोटा प्रोग्राम टाकून घेतला आणि सगळे अपडेट बंद.

दोन्ही भीती खऱ्या आहेत, हे मी इथे पहिल्याच दिवशी लिहून ठेवते. आमच्या धंद्यातले लोक ‘अपडेट करा की, काय होतंय’ म्हणून मोकळे होतात. ज्याच्याकडे दुसऱ्याच्या रक्ताचे निकाल सांभाळायला आहेत त्याला ते उत्तर पुरत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

मोजणी केली.

रिसेप्शनचे दोन: २०१७ चे, सातव्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ ला इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे हे दोन बाद. रिपोर्टिंगचा एक: दहावी पिढी, चालेल; टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होतं एवढंच. लॅबचं सॉफ्टवेअर याच्यावरच बसलंय, बाकीचे ब्राउझरमधून त्याला जोडतात. हिशेबाचा एक: आठवी पिढी, चालेल. काकांचा लॅपटॉप: विंडोज ११ आधीच आहे.

राहिले मशीनला जोडलेले दोन. बायोकेमिस्ट्रीच्या मशीनबरोबर कंपनीने दिलेला कॉम्प्युटर विंडोज १० च्या दीर्घकालीन आवृत्तीवर, एलटीएससी २०१९ वर आहे. तिचा आधार जानेवारी २०२९ पर्यंत आहे, म्हणजे १४ ऑक्टोबरशी त्याचा संबंध नाही. आणि सेल काउंटरचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या मशीनचा, कॉम्प्युटर: विंडोज ७. आधार संपला १४ जानेवारी २०२० ला. जुन्या सिरियल केबलने मशीनला जोडलेला, आणि त्याच वेळी लॅबच्या नेटवर्कवर, म्हणजे इंटरनेटवरही.

रिपोर्टिंगच्या कॉम्प्युटरवर शेवटची सुरक्षा दुरुस्ती मार्च २०२३ ची. अडीच वर्षं दार सताड उघडं, आणि आत पेशंटची सगळी माहिती.

१३ सप्टेंबर, शनिवार

तात्यांशी बोलले. तात्या लॅबमधले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. सेल काउंटर त्यांच्या ताब्यात.

"ताई, ह्या मशीनच्या कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाई. इंजिनीयर सांगून गेलाय, काय बी नवीन टाकलं तर जबाबदारी आमची न्हाई म्हणून. आणि आत्ता डेंग्यूचे दिवस आहेत. दिवसाला शंभर-सव्वाशे जणांच्या पेशी मोजतोय मी. हे बंद पडलं तर मिरजेला पाठवायला लागतील ट्यूबा."

तात्यांचं बरोबर आहे. इंजिनीयरचंही बरोबर आहे. मशीनचं सॉफ्टवेअर ज्या आवृत्तीवर तपासलं गेलंय तिच्या बाहेर ते बरोबर चालेल याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि प्लेटलेटचा आकडा चुकला तर माणसाच्या जिवाशी गाठ आहे.

पण ‘हात लावायचा नाही’ याचा अर्थ ‘उघड्यावर ठेवायचा’ असा होत नाही. मी त्यांना २०१७ ची गोष्ट सांगितली. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला फाइल शेअरिंगमधल्या एका भोकाची दुरुस्ती दिली. १२ मे ला, म्हणजे दोन महिन्यांनी, वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच भोकातून जगभर शिरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ ट्रस्टपैकी (रुग्णालयं वगैरे चालवणाऱ्या संस्थांपैकी) किमान ८० ट्रस्टना फटका बसला. ज्यांनी दुरुस्ती लावली होती ते वाचले. आणि एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायला त्याला कुणी काही उघडावं, दाबावं लागत नव्हतं. एकच नेटवर्क असलं की पुरे. तात्यांचा विंडोज ७ आणि रिसेप्शन आज एकाच नेटवर्कवर आहेत.

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या मशीनला बाकीच्यांपासून सांभाळायचं."

नेमकं तेच. काय करणार ते ठरलं: मशीनवाले दोन कॉम्प्युटर वेगळ्या छोट्या स्विचवर. रिपोर्टिंगच्या कॉम्प्युटरला दुसरं नेटवर्क कार्ड घालायचं, त्या कार्डावरून फक्त निकाल घ्यायचे. इंटरनेट बंद, फाइल शेअरिंग बंद, फायरवॉलमध्ये एकच पोर्ट, म्हणजे निकालांपुरती एकच वाट, उघडी. तात्या कंट्रोलचे (मशीन बरोबर मोजतंय का ते पाहायच्या ठरलेल्या नमुन्याचे) आकडे पेन ड्राइव्हने नेतात, ते बंद. तेही याच वाटेने येतील.

२० सप्टेंबर, शनिवार

काहीही बदलण्याआधी बॅकअप. सातही डिस्कच्या पूर्ण प्रती दोन बाहेरच्या डिस्कवर. एक प्रत परत लावून पाहिली, रिकाम्या डिस्कवर रिपोर्टिंगचा कॉम्प्युटर उभा राहिला, जुने रिपोर्ट उघडले. लावून न पाहिलेली प्रत मी बॅकअप म्हणून मोजत नाही.

दुसरी डिस्क कुठे ठेवायची यावर काकांना समजवावं लागलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, लॅब तेव्हा गावभागात तळमजल्यावर होती. कॉम्प्युटर आणि त्यांची बॅकअप डिस्क एकाच टेबलावर, दोन्ही पाण्यात. आता डिस्क मिरजेला काकांच्या मुलीकडे, पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करून.

लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू होता आणि त्याचा ४८ अंकी परतीचा क्रमांक कुणाकडेच लिहिलेला नव्हता. छापून काकांच्या तिजोरीत. याच वर्षी मे महिन्यात विंडोज १० चा एक दुरुस्तीसंच लावल्यावर इंटेलच्या काही नव्या कॉम्प्युटरनी चालू होताना हाच क्रमांक मागितला होता. मायक्रोसॉफ्टने आठवड्याभरात वेगळी दुरुस्ती दिली. पण त्या आठवड्यात ज्याच्याकडे क्रमांक नव्हता त्याने काय केलं असेल?

२७ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस काकांच्या दुसऱ्या भीतीसाठी राखला. त्यांना शेजारी बसवलं.

राउटरवर गेल्या आठवड्यापासून मी नोंद चालू ठेवली होती: कोणता कॉम्प्युटर बाहेर कुठल्या पत्त्यावर जातो आणि किती माहिती पाठवतो. जाते ती माहिती कुलूपबंद असते, त्यामुळे राउटरवरून आत काय आहे ते दिसत नाही. पाकिटावरचा पत्ता आणि पाकिटाचं वजन दिसतं. एवढ्यावरून ‘सगळं चोरून नेतात’ म्हणणं खोटं आणि ‘काहीच जात नाही’ म्हणणंही खोटं.

आत काय आहे ते पाहायची सोय विंडोजमध्येच आहे, २०१८ पासून: निदान-माहिती दर्शक. तो चालू केला, दोन तास काम केलं, मग एकेक नोंद उघडून वाचली. कॉम्प्युटरचं मॉडेल, ड्रायव्हरच्या (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) आवृत्त्या, कोणते प्रोग्राम बसवलेत त्यांची यादी, कुठला प्रोग्राम कधी कोसळला, अपडेट लागलं की फसलं. पेशंटचं नाव कुठे सापडतंय का म्हणून काकांनी स्वतः शोध लावला. आमच्या दोन तासांच्या नोंदींत सापडलं नाही.

पण सेटिंग उघडल्यावर खरी गोष्ट कळली. या माहितीचे दोन थर आहेत: आवश्यक आणि ऐच्छिक. आवश्यक थर होम आणि प्रो आवृत्तीत पूर्ण बंद करता येत नाही. तो अधिकार फक्त एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्तीला आहे. हे मला मान्य नाही. एका डॉक्टरच्या सात कॉम्प्युटरच्या लॅबला मोठ्या कंपनीइतकाच नकाराचा हक्क असायला हवा होता. पण जे आहे ते आहे.

रिपोर्टिंगच्या कॉम्प्युटरवर ऐच्छिक थर चालू होता. त्यात काय जातं हे मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून ठेवलंय: एखादा प्रोग्राम कोसळला तर त्या क्षणीच्या मेमरीची अवस्था जाऊ शकते, आणि तिच्यात वापरणाऱ्याच्या फाइलचे तुकडे नकळत येऊ शकतात. मी हे वाक्य काकांना मराठीत दोनदा सांगितलं. नकळत येऊ शकतात. म्हणजे एखाद्याचा रिपोर्ट उघडा असताना प्रोग्राम कोसळला तर त्या रिपोर्टाचा तुकडा.

काका म्हणाले, "मग माझी भीती वेडेपणाची नव्हती."

नव्हतीच. फक्त तिचा उपाय चुकला होता. अपडेट बंद केल्याने हा थर बंद झाला नव्हता. अडीच वर्षं दुरुस्त्या थांबल्या होत्या आणि ऐच्छिक माहिती मात्र जातच होती. दोन वेगळी बटणं होती आणि चुकीचं बंद केलं गेलं.

ऐच्छिक थर सगळीकडे बंद. जाहिरात ओळख बंद. ‘अपडेटच्या फाइली इतरांना वाटा’ हे फक्त लॅबच्या आतल्या कॉम्प्युटरपुरतं ठेवलं, त्याने आमचंच डाउनलोड वाचतं. अपडेटनंतर येणारी ‘सेटअप पूर्ण करा’ वाली पूर्ण पडद्याची खिडकी सूचनांच्या सेटिंगमधून बंद केली. काकांचा फोल्डर जिथून चढला होता ती जोडणी तोडली, तिथल्या प्रती काढल्या, कचरापेटीही रिकामी केली.

निघताना काकांनी बातमीत वाचलेलं विचारलं, विंडोज ११ दर थोड्या वेळाने पडद्याचा फोटो काढतं म्हणे? ते रिकॉल. मे २०२४ मध्ये जाहीर झालं, इतका विरोध झाला की पुढच्याच महिन्यात मागे ठेवलं, एप्रिल २०२५ मध्ये आलं. खास चिपच्या नव्या कॉम्प्युटरवरच चालतं आणि आपण होकार दिल्याशिवाय सुरू होत नाही. लॅबमधल्या एकाही कॉम्प्युटरमध्ये ती चिप नाही. तरी पुढे नवीन घ्याल तेव्हा पहिल्या दिवशी हे तपासायचं, म्हणून रजिस्टरमध्ये लिहिलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाला. दुपारी दोननंतर लॅब बंद, तेव्हा रिसेप्शन-२ वर अडीच वर्षांचं थकलेलं अपडेट लावलं. विंडोज १० चा प्रत्येक महिन्याचा संच मागचं सगळं पोटात घेऊन येतो, त्यामुळे सप्टेंबरचा एकच लावला की पुरतं. तासभर लागला. चालू झाला, ब्राउझर चालला, पावती छापली गेली.

स्टिकर बिघडलं.

ट्यूबवर लावायचं बारकोड स्टिकर ५० बाय २५ मिलिमीटरचं. अपडेटबरोबर स्टिकर प्रिंटरचा नवा ड्रायव्हर आला आणि कागदाचं माप बदलून बसला. नाव नीट छापलं, बारकोडच्या उजवीकडच्या दोन रेघा कापल्या गेल्या. डोळ्याला फरक कळत नाही. रिसेप्शनच्या ताईने स्टिकर जांभळ्या टोपणाच्या ट्यूबवर लावलं आणि मला दाखवलं, "अक्का, झालं बघा." मीही हो म्हणणार होते. तात्यांनी ट्यूब घेतली, सेल काउंटरच्या स्कॅनरसमोर धरली. वाचेना. दुसरी धरली. वाचेना.

सोमवारी सकाळी हे झालं असतं तर? मशीन बारकोड वाचत नाही म्हटल्यावर तात्या नंबर हाताने टाकणार. शंभर ट्यूब, हाताने. एक आकडा इकडचा तिकडे झाला की एकाच्या पेशी दुसऱ्याच्या नावावर. डेंग्यूच्या दिवसांत एकाला उगाच प्लेटलेट चढवायला धावपळ आणि दुसऱ्याला घरी पाठवलेलं.

स्थिरता म्हणजे कॉम्प्युटर चालू होणं, एवढंच आम्ही समजतो. तो चालू झालाच होता.

जुना ड्रायव्हर परत लावला. वीस स्टिकर छापले, वीसही वाचले गेले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

शनिवारच्या प्रकारावरून दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, विंडोजच्या अपडेटबरोबर ड्रायव्हर घ्यायचेच नाहीत. प्रो आवृत्तीत त्याचं धोरण आहे. होममध्ये उपकरणांच्या सेटिंगमध्ये एक जुनी खिडकी आहे, तिथे ‘नाही’ म्हटलं. दोन, प्रत्येक अपडेटनंतरची तपासणी तात्या करणार, मी नाही. दहा ट्यूब, दहा स्टिकर, स्कॅन, कंट्रोलचा एक राउंड, रिपोर्ट छापणे, व्हॉट्सअपवर पाठवायची पीडीएफ उघडून बघणे. कॉम्प्युटरवाल्या माणसाला ‘चाललं’ वाटतं ते आणि लॅबमध्ये चालतं ते यात दोन रेघांचं अंतर होतं, आणि ते तात्यांना दिसलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० चा शेवटचा मोफत संच आज रात्री येईल. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देतं, आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणून बुधवारी सकाळी त्या समोर दिसतात.

काकांनी विचारलं, लगेच लावायचं का. नाही. क्रम असा ठरला: बुधवार-गुरुवारी हिशेबाचा कॉम्प्युटर, तो बंद पडला तर एकही पेशंट अडत नाही. आठवडाभर बघायचं. मग रिसेप्शन आणि लॅपटॉप. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी रिपोर्टिंग. प्रो आवृत्तीत दुरुस्त्या ३० दिवसांपर्यंत मागे ठेवता येतात, होममध्ये ३५ दिवसांपर्यंत थांबवता येतात. आम्हाला नऊ-दहा दिवस पुरेत. मात्र भोकाचा वापर आधीच सुरू झालाय अशी बातमी आली तर थांबायचं नाही, त्याच रात्री.

काकांना जुलै २०२४ आठवला. त्या दिवशी ते विमानतळावर अडकले होते, हाताने लिहिलेला बोर्डिंग पास त्यांनी अजून जपून ठेवलाय. १९ जुलैचा तो प्रकार विंडोज अपडेटचा नव्हता, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलचा होता. पण सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर पडले, कारण ती फाइल सगळ्यांकडे जवळजवळ एकाच वेळी गेली. आमच्या सातांना आम्ही एका वेळी पाठवणार नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

थांबल्याचा उपयोग झाला. १४ तारखेच्या संचाने विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांत दुरुस्ती-पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले होते. नेहमीच्या वापरात कळणारही नाही, पण कॉम्प्युटर अडला आणि दुरुस्तीत शिरायची वेळ आली तर हातच बांधलेले. मायक्रोसॉफ्टने आज वेगळी दुरुस्ती दिली. काकांचा लॅपटॉप मी थांबवून ठेवला होता, तो आता थेट या दुरुस्तीवर जाईल.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

काल लक्ष्मीपूजनाला दुपारनंतर आणि आज पूर्ण दिवस लॅब बंद. वर्षात अशी सलग वेळ पुन्हा मिळत नाही. रिपोर्टिंग आणि हिशेब, दोन्ही विंडोज ११ वर नेले. काल रात्री साडेनऊला रिपोर्टिंगचं काम संपलं, बाहेर फटाके चालू होते. आज तात्या पाडव्याचं ओवाळून घेऊन थेट आले आणि दहा ट्यूब लावून गेले. सगळ्या वाचल्या.

नवीन आवृत्तीवर गेल्यावर २७ सप्टेंबरची सगळी सेटिंग पुन्हा एकेक करून तपासली. बहुतेक तशीच होती, दोन ठिकाणी नवे प्रश्न होते. मोठ्या आवृत्तीनंतर ही यादी दरवेळी नव्याने वाचायची.

२ नोव्हेंबर, रविवार

रिसेप्शनचे दोन. वाटा तीन होत्या. घरगुती वापरासाठीची वाढीव दुरुस्ती-योजना ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यात सेटिंगचा बॅकअप क्लाउडवर ठेवला तर पैसे लागत नाहीत. पण ती धंद्याच्या कॉम्प्युटरसाठी नाही, आणि ‘माहिती दे मग दुरुस्ती घे’ हा सौदा मला लॅबसाठी चालला नसताच. धंद्यासाठीची योजना पहिल्या वर्षी प्रत्येक कॉम्प्युटरला ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. तिसरी वाट लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली.

रिसेप्शनला ब्राउझर, पावतीचा प्रिंटर, स्टिकरचा प्रिंटर एवढंच लागतं. लिनक्स मिंट २२ टाकलं, त्याचा आधार २०२९ पर्यंत आहे. स्टिकरला अर्धा दिवस गेला. ताईला ‘बटणं कुठे गेली’ याची काळजी होती, दुपारपर्यंत संपली. मिंट वापराची माहिती बाहेर पाठवत नाही. पण अपडेट इथेही आहेत आणि इथेही काहीतरी मोडू शकतं, म्हणून प्रत्येक अपडेटआधी टाइमशिफ्ट या प्रोग्रामने आदल्या अवस्थेचा ठसा घ्यायचा आणि नंतर तात्यांच्या दहा ट्यूब. इथेही सूट नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचे नियम प्रसिद्ध झाले. कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम आता आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्ष आहे. काकांनी पेपर पुढे केला, "आता हे आपल्याला पण का?" हो, लॅबलाही. माहिती सांभाळायला वाजवी सुरक्षा ठेवणं आणि फुटली तर ज्याची त्याला कळवणं, हे त्यात आहे. मार्च २०२३ वर अडकलेला रिपोर्टिंगचा कॉम्प्युटर कुणापुढे वाजवी म्हणून दाखवता आला नसता. आणि ऐच्छिक थर चालू ठेवलेलाही नाही.

यावरून मनात बरेच दिवस आहे ते लिहिते. लोक अपडेटला घाबरायला लागले याचं एक मोठं कारण आम्ही तंत्रज्ञ बोलत नाही. दुरुस्ती आणि नवी वस्तू एकाच पुडीत बांधली जाते. विंडोज ७ च्या काळात एकेक दुरुस्ती वेगळी वाचून घेता यायची. ऑक्टोबर २०१६ पासून महिन्याचा एकच गठ्ठा आला. त्याच्या आदल्या वर्षी तर ‘विंडोज १० घ्या’ म्हणणारं चिन्ह अपडेटच्याच वाटेने लोकांच्या पडद्यावर आलं होतं. औषधाच्या पुडीतून एकदा जाहिरात निघाली की पुढच्या वेळी माणूस औषधही घेत नाही. काकांनी घेतलं नाही. त्यांची चूक होती, पण ती चूक कुठून आली हे मला विसरायचं नाही.

दुरुस्ती वेगळी द्या, नवीन वस्तू वेगळी द्या, आणि माहिती मागायची असेल तर ती तिसऱ्या दिवशी, मोकळ्या वेळी, मराठीत मागा. सकाळी सात वाजता रांग समोर असताना नको. हे मागणं अवघड नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

तीन वर्षांपूर्वी याच तारखेला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, बंद पाडले होते आणि देशातलं इतकं मोठं सरकारी रुग्णालय कित्येक दिवस कागदावर चाललं. आज आम्ही मुद्दाम तासभर लॅब कागदावर चालवली. आठ ते नऊ, रविवारची कमी गर्दी. रिपोर्टिंगचा कॉम्प्युटर बंद.

पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं की छापील मागणी-अर्ज संपलेले आहेत. ताईने वहीची पानं आखली. नमुन्यांना हाताचे नंबर द्यायची पद्धत तात्यांना पाठ होती, नव्या मुलीला कुणी शिकवलेलीच नव्हती. सेल काउंटर स्वतःच्या छोट्या पडद्यावर निकाल देतो, ते उतरवून घेतले, दुसऱ्याने ताडून पाहिले. एकवीस पेशंट झाले. एक आकडा उतरवताना चुकला, ताडणाऱ्याला सापडला.

दोनशे अर्ज छापून ठेवले. वेगळं कपाट.

११ डिसेंबर, गुरुवार

मंगळवारी, ९ तारखेला, डिसेंबरचा संच आला. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर काल लावला. आज ताळेबंद उघडला, छापला, ठीक. बाकीचे थांबलेत.

मशीनवाल्या दोघांचं वेगळं नेटवर्क आता अडीच महिने चालतंय. राउटरच्या नोंदीत त्यांचा बाहेर जायचा एकही प्रयत्न दिसत नाही, कारण राउटरपर्यंत त्यांची तारच जात नाही. तात्या मध्ये एकदा पेन ड्राइव्ह घेऊन आले आणि दारातूनच परत गेले. सेल काउंटरच्या विंडोज ७ चं उत्तर मात्र हे नव्हे. नवं मशीन घेतल्याशिवाय ते जाणार नाही, आणि त्याची किंमत लाखांत आहे. काकांनी पुढच्या एप्रिलनंतर बघू म्हटलंय. मी रजिस्टरमध्ये लाल शाईने तो एकच मुद्दा उघडा ठेवलाय.

१८ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी सात. शेवटचा रिपोर्ट गेला, शटर अर्धं खाली घेतलं. आधी बॅकअप, मग रिपोर्टिंगवर डिसेंबरचा संच. बावीस मिनिटं. निदान-माहितीचं सेटिंग उघडलं: ऐच्छिक बंद. क्लाउड बंद. ड्रायव्हर जुनाच.

तात्यांनी ट्यूब लावल्या. काका खुर्ची ओढून शेजारी बसले, एकेक आवाज मोजत. दहा वेळा टिक वाजलं. कंट्रोलचे तिन्ही आकडे हद्दीत. पीडीएफ उघडली, नाव, वय, जोडाक्षरं नीट.

तात्यांनी रजिस्टर ओढलं आणि ‘तपासले’च्या रकान्यात सही केली. त्याच्या खाली काकांनी पुढच्या महिन्याची ओळ स्वतःच्या हाताने आखली: १३ जानेवारी, मंगळवार.